वळवाच्या सरीत घसरलेली गाडी

वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे आहे :

“मी पावसच्या बाजूच्या एका वाडीत राहते आणि रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी करते. गेली नऊ वर्षे रोज स्कूटरने जाते-येते, भर पावसाळ्यातही जाते आणि आजवर कधी पडले नव्हते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी परत येत असताना वळवाची सर आली. सर कसली, नुसते शिंतोडे होते, म्हणून मी रेनकोटसुद्धा काढला नाही. उताराच्या वळणावर समोरून टेम्पो आला, मी ब्रेक लावला आणि काही कळायच्या आत गाडी आडवी झाली. वेग तीसच्या आतच होता. गुडघा आणि तळहात सोलवटले, बाकी देवाची कृपा. माझे यजमान म्हणतात, ब्रेक चुकीचा मारलास. शेजारचे काका म्हणतात, रस्त्यावर कोणाचे तरी ऑइल सांडले असेल. टायरची नक्षी अजून चांगली आहे. मला हे समजत नाही, की जुलैच्या धो धो पावसात जी गाडी घसरत नाही ती चार शिंतोड्यांत कशी घसरली? आणि पहिला पाऊस झाल्यावर किती वेळ थांबावे? माझी लेक जूनपासून याच रस्त्याने कॉलेजला जाणार आहे, म्हणून विचारते.”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नात त्याचे निम्मे उत्तर आहे. जुलैच्या पावसात गाडी घसरली नाही, कारण जुलैचा रस्ता धुतलेला असतो. तुम्ही ज्या रस्त्यावर पडलात तो ऑक्टोबरपासून धुतलेला नव्हता. शेजारच्या काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण तेल होतेच, परंतु ते कोणा एकाचे सांडलेले नव्हते, या रस्त्याने गेलेल्या प्रत्येक वाहनाने त्यात आपला वाटा टाकला होता, तुमच्या स्कूटरनेसुद्धा. तुमच्या यजमानांचे म्हणणेही मी पूर्ण खोडून काढणार नाही. वळणात ब्रेक लागला हे खरे आहे. पण तोच ब्रेक, त्याच वळणावर, त्याच वेगात आदल्या दिवशी कोरड्या रस्त्यावर लागला असता तर तुम्हाला तो लक्षातही राहिला नसता. म्हणून दोष तुमच्या हाताचा कमी आणि त्या अर्ध्या तासातल्या रस्त्याचा अधिक आहे, असे मला रस्त्यांच्या कामावर घालवलेल्या वर्षांच्या अनुभवावरून वाटते.

आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या मध्यावर संपतो आणि जूनमध्ये पुन्हा येतो. मधल्या सात-आठ महिन्यांत रस्त्यावर काय काय साचते ते एकदा नीट पाहिले पाहिजे. ट्रक आणि डंपरच्या इंजिनातून, गिअरबॉक्समधून थेंब थेंब तेल पडत असते, डिझेलच्या धुराची काजळी बसत असते, प्रत्येक ब्रेकबरोबर आणि प्रत्येक वळणात टायर झिजून त्याची काळी पूड रस्त्यावर उरत असते, आणि ब्रेकच्या लायनरची भुकटीही त्यातच मिसळते. हे कोणत्याही गावच्या रस्त्याला लागू आहे. कोकणातल्या रस्त्यावर त्याच्या जोडीला आपली तांबडी माती असते. जांभ्याच्या चिरेखाणीतून भरलेला डंपर कच्च्या रस्त्याने बाहेर येतो तेव्हा चाकांना चिकटलेली माती पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर झडत जाते, साईडपट्टीचा मुरूम वाऱ्याने आणि वाहनांच्या झोताने डांबरावर येतो, आणि चाकांखाली दळून दळून त्याचे पीठ होते. बंदरातून निघालेल्या मासळीच्या गाड्यांचे वितळलेल्या बर्फाचे पाणी वाटभर ठिबकत जाते, त्यात माशांचा स्निग्ध अंश असतो आणि मीठही असते, ते वाळले की वास तेवढा राहतो आणि थर दिसत नाही. मे महिन्यात झाडाखालच्या रस्त्यावर आंबे, जांभळे, करवंदे, फणसाचा गर चिरडलेला असतो, आणि रस्त्याकडेच्या झाडांचा पाचोळा त्यावर दळला जातो. गंमत म्हणजे हा सारा साठा कोरडा असतो तोवर त्रास देत नाही. धूळ नाकातोंडात जाते एवढेच, पण टायरची पकड फारशी सुटत नाही.

त्यावर पाऊस पडला की पुढचे सगळे पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि इथेच बहुतेकांची समजूत उलटी असते. पाऊस जितका कमी तितका धोका कमी, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती अशी आहे, की चार शिंतोडे पडले तर साचलेली धूळ, काजळी आणि तेल यांचा घट्टसर लेप तयार होतो. टायर रस्त्यावर टेकतो तेव्हा मधले पाणी त्याला बाजूला सारावे लागते. साधे पाणी पातळ असल्याने चटकन निघून जाते आणि रबर दगडाला भिडते. लेप मात्र चिकट आणि दाट असल्याने तितक्या चटकन निघत नाही, आणि तुमचे चाक रस्त्यावर न टेकता त्या लेपावर टेकते. भाकरीच्या पिठात पाणी थोडे पडले तर ते परातीला चिकटून बसते आणि भरपूर पडले तर परात धुऊन निघते, हे ज्यांनी रोज केले आहे त्यांना याहून अधिक समजावण्याची गरज नाही. पाऊस भरपूर आणि सलग झाला तर हाच लेप पातळ होतो, रस्त्याच्या उतारावरून गटारात जातो आणि रस्ता ओला असूनही पुष्कळ सुरक्षित होतो. म्हणून पहिल्या दिवसाची रिमझिम ही सगळ्यात वाईट, आणि पहिल्या दिवसाचा मुसळधार पाऊस, वीज-वाऱ्याचे भय सोडले तर, निसरडेपणाच्या दृष्टीने त्यामानाने बरा.

हा केवळ माझा कयास नाही. अमेरिकेतील ४८ राज्यांच्या १९७५ ते २००० या काळातील अपघातांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की आधीचा पाऊस होऊन जितके अधिक दिवस झाले असतील तितका नव्या पावसाच्या दिवशी अपघातांचा धोका वाढतो. तिकडे कोरडा काळ दिवसांत मोजला गेला होता, आणि आपल्याकडे तो महिन्यांत मोजावा लागतो.

रस्त्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक घाबरतात, आणि तो दिसला नाही की निर्धास्त होतात. वास्तविक ते रंग तेलाचा थर अत्यंत पातळ असतो तेव्हाच दिसतात, आणि जाड थर नुसता काळा, ओलसर दिसतो. त्यामुळे रंगांवर विसंबू नये.

आता उन्हाविषयी, कारण धुळीइतकाच हातभार उन्हाचाही असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवेचे तापमान नागपूरसारखे ४५ अंशांवर जात नाही, हे खरे. पण काळ्या डांबराचा पृष्ठभाग दुपारच्या उन्हात हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज अधिक तापतो. रस्त्यांच्या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुत्वबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला डांबर मऊ पडते तो अंश, किमान ४७ अंश सेल्सिअस असावा, असे भारतीय मानक आहे. म्हणजे मे महिन्यातल्या कित्येक दुपारी रस्त्याचा वरचा थर त्या बिंदूच्या पुढे गेलेला असतो. जिथे डांबराचे प्रमाण थोडे अधिक पडलेले असते, तिथे वाहनांच्या वजनाने खडी खाली दबते आणि डांबर वर येते. याला आम्ही ब्लीडिंग म्हणतो. तुम्ही पाहिले असेल, वळणावर, उतारावर आणि एसटीच्या थांब्याजवळ रस्ता आरशासारखा काळा चकाकतो. तिथे टायरला धरायला खडीची टोके उरलेलीच नसतात. कोरड्यात ते मऊ डांबर चिकटते म्हणून पकड वाटते. संध्याकाळी त्यावर थंड पाण्याची सर आली, की तीच जागा तेल लावलेल्या फरशीसारखी होते.

दुसरी गोष्ट खडीची. रस्त्याची पकड ही डांबरामुळे नसते, वर आलेल्या काळ्या दगडाच्या खरखरीतपणामुळे असते, आणि हा खरखरीतपणा हाताला सॅंडपेपरसारखा जाणवेल इतका बारीक असतो. कोरड्या ऋतूत चाकाखाली सापडलेली बारीक धूळ त्या दगडाला पॉलिश करत राहते. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे घेतलेल्या मोजमापांवरून असे दिसून आले आहे, की रस्त्याची ओल्यातील पकड उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सर्वांत कमी असते आणि पावसाळी, थंड महिन्यांत ती काही प्रमाणात परत येते. हाच न्याय इथे लावला तर जूनच्या तोंडाशी आपला रस्ता दोन्ही बाजूंनी नागवलेला असतो. वर लेप साचलेला असतो आणि खाली दगड गुळगुळीत झालेला असतो. लेप पहिल्या जोरदार पावसात जातो, पण दगडाची धार लगेच येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या वळणाचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तो देतो, कारण “तीसच्या आत” हा वेग आपल्या सगळ्यांनाच सुरक्षित वाटतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायर आणि रस्ता यांमधील घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचे माप, साधारण ०.७ धरतात. लेपाच्या रस्त्यावर तो ०.२५ धरू. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्यात सुमारे ५ मीटरमध्ये थांबते, आणि लेपावर तिला १४ मीटर लागतात. उतार सोळास एक असेल, जो आपल्याकडे सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, खाडीकडे उतरणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर असू शकतो, तर कोरड्यातले अंतर साडेपाच मीटर होते, पण लेपावरचे १८ मीटरच्या पुढे जाते. ब्रेकवर बोट जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी आठ मीटर गेलेली असते, ती वेगळी. वळणाचे गणित याहून कडक आहे. १५ मीटर त्रिज्येच्या, म्हणजे घाटीतल्या साध्या वळणावर कोरड्यात ताशी ३६ किलोमीटरपर्यंत गाडी तग धरते. लेपावर तीच मर्यादा ताशी २२ वर येते, आणि हे ब्रेक न लावता. टायरकडे पकडीची जी काही पुंजी असते ती वळण्यात तरी खर्च होते किंवा थांबण्यात तरी. तुम्ही २५-३० च्या वेगात वळणात होता, म्हणजे पुंजी आधीच संपलेली होती. त्यात टेम्पो आला आणि तुम्ही ब्रेक लावला. इथे तुमच्या यजमानांना माझ्या वतीने एवढे सांगा, की त्या क्षणी कोणत्याही पद्धतीने लावलेला ब्रेक चुकीचाच ठरला असता. चूक झाली असेल तर ती वळणाच्या वीस मीटर आधी झाली, आणि ती बोटांची नसून अंदाजाची होती.

किती वेळ थांबावे, हा तुमचा मुख्य प्रश्न. याला घड्याळाचे एकच उत्तर देता येत नाही, कारण धुण्याचे काम वेळ करत नाही, पाणी करते. चांगला जोरदार, सलग पाऊस अर्धा ते पाऊण तास झाला तर उताराचा मोठा रस्ता पुष्कळसा धुऊन निघतो असा माझा अनुभव आहे. नुसती भुरभुर असेल तर दोन तास थांबूनही उपयोग नाही. त्यापेक्षा सर थांबून रस्ता पूर्ण वाळण्याची वाट पाहणे शहाणपणाचे, आणि मे महिन्याच्या उन्हात त्याला फार वेळ लागत नाही. रस्ता वाचायला मात्र शिकता येते. कडेच्या गटारात जाणारे पाणी काळपट किंवा तांबूस आहे तोवर धुणे चालू आहे, ते बऱ्यापैकी निवळले की काम झाले. मोठ्या वाहनांच्या चाकांच्या कडेने किंवा रस्त्याच्या काठाला साबणासारखा पांढरट फेस दिसत असेल तर रस्त्यावर पाय टेकण्याचीही घाई करू नये. तुम्ही थांबला असाल तिथे चपलेचा तळ रस्त्यावर घासून पाहा, चप्पल सरकली तर चाकही सरकेल. मातीचा तो पहिला वास, ज्याच्यासाठी आपण सगळे अंगणात येऊन उभे राहतो, दरवळत असेपर्यंत गाडीची किल्ली घरातच ठेवावी असे मी माझ्या घरी सांगत आलो आहे. हा काही शास्त्रीय मापदंड नाही, पण मुलांच्या लक्षात राहतो.

सात-आठ महिन्यांचा साठा एकाच सरीत जात नाही, हेही सांगितले पाहिजे. वळवाच्या दोन-तीन सरी झाल्यावर लोक म्हणतात, पहिला पाऊस तर होऊन गेला. पण दोन सरींमध्ये आठ दिवस कडक ऊन पडले असेल, डंपर चालू असतील, तर पुढची सर पुन्हा पहिलीच समजावी. मृगाची वाट पाहण्यातही अर्थ राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता, आणि त्या वर्षी अनेकांच्या गाड्यांचे टायर बदलायचे राहून गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप मिळाली की हाच प्रकार सौम्य रूपात होतो, ऑक्टोबरच्या उन्हानंतर परतीचा पाऊस येतो तेव्हाही होतो. चिरेखाणीचा फाटा मात्र या सगळ्या हिशेबाला अपवाद आहे, कारण तिथे माती रोज नव्याने येते आणि तिथला रस्ता सप्टेंबरपर्यंत धुतलेला असा कधीच नसतो. त्या ठिकाणी जूनच्या पंधरवड्यानंतरही पहिल्या दिवसासारखेच वागावे. शेवाळ हा भर पावसाळ्यातला, सावलीतल्या रस्त्यांचा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही.

थांबणे नेहमी शक्य नसते, नोकरी नोकरी असते. अशा वेळी मनात एकच गोष्ट धरावी, की गाडी उभी असताना, म्हणजे कलंडलेली नसताना, वेग कमी करायचा आणि वळणात काहीही करायचे नाही. वळण दिसले की त्याच्या बरेच आधी, सरळ रस्त्यावर, वेग वीसच्या खाली आणावा, मग वळणात ब्रेकही नको आणि ॲक्सिलरेटरचा झटकाही नको. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना सीबीएस म्हणजे एकत्रित ब्रेक किंवा एबीएस म्हणजे चाक लॉक न होऊ देणारे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्या स्कूटरला एकत्रित ब्रेक असेल तर डाव्या ब्रेकने मागच्याबरोबर पुढचे चाकही थोडे धरले जाते. ही सोय चांगली आहे, पण ती चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही, ते काम एबीएसचे. दोन्हींतला फरक लेकीला जरूर समजावून सांगा, कारण दुकानात गाडी घेताना तो कोणी नीट सांगत नाही. गाडी २०१९ च्या आधीची असेल तर दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाब वाढवत लावावेत. लिंबू पिळताना जसा दाब देतो तसा. दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीला घासत चालवण्याची सवय अनेकांना असते. त्याने तोल सावरत नाही, घोटा मात्र मोडतो.

उतारावर स्कूटरचा एक विशेष आहे. गिअरच्या मोटारसायकलला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन अडवून धरते. स्कूटरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग बराच कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी नुसती घरंगळत राहते, सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर ॲक्सिलरेटर किंचित, अगदी नखभर, धरून ठेवला तर इंजिन जोडलेले राहते आणि गाडी एका चालीने उतरते. आपल्याकडे पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड आहे, चांगली शिकलेली माणसेही हे करतात. ओल्या रस्त्यावर तर हे नकोच, आणि खरे तर कोरड्यातही नको.

रस्त्यात कुठून जावे, याचेही काही ठोकताळे आहेत. तेल बहुधा वाहनाच्या पोटाखालून, म्हणजे लेनच्या मधल्या पट्ट्यात पडते, त्यामुळे चारचाकींच्या चाकांनी जे दोन पट्टे पडतात त्यांतल्या डावीकडच्या पट्ट्यातून जावे, तिथला लेप सर्वांत आधी जातो. अपवाद असा, की डांबर वर येते तेही याच पट्ट्यांत. चकाकी दिसली तर तो पट्टा सोडावा. पांढरे पट्टे, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, बाजारपेठेतले पेव्हर ब्लॉक आणि गटारावरच्या जाळ्या सरळ चाकाने ओलांडाव्यात, त्यांच्यावर वळू नये. महामार्ग क्रमांक ६६ वर काँक्रीटचा भाग संपून डांबराचा किंवा तात्पुरत्या वळणरस्त्याचा भाग सुरू होतो तिथे पकड एकदम बदलते, तेव्हा त्या सांध्याच्या आधीच वेग उतरलेला असावा. मोठ्या गाडीच्या मागे फार जवळ राहू नये, तिच्या चाकांचा चिखल हेल्मेटच्या काचेवर येतो आणि ती हाताने पुसली की आणखी माखते.

तुमच्या शेजाऱ्यांनी किंवा गॅरेजवाल्याने पावसाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवण्याचा सल्ला दिला असेल, पुष्कळजण देतात, म्हणून लिहितो. तो मानू नये. हवा कमी असली की टायरचा मधला भाग दबून खाचांची तोंडे मिटतात, पाणी बाहेर जायला वाट उरत नाही आणि वळणात गाडी डुलते. गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंग-आर्मजवळच्या स्टिकरवर दिलेला दाब बाराही महिने ठेवावा. कुठे खरोखरच डिझेल किंवा ऑइल सांडलेले दिसले तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकण्याची आपल्याकडची पद्धत योग्य आहे, परंतु तेल शोषल्यावर ती माती झाडून काढली नाही तर सर येताच तिचाच लेप होतो, आणि उपकार करणाऱ्याच्या हातून अपघात घडतो. चिरेखाणीच्या फाट्यावरची माती हा एकट्यादुकट्याने सोडवण्याचा प्रश्न नाही. ग्रामसभेत तो तारखेनिशी, छायाचित्रासह मांडावा आणि डंपर मुख्य रस्त्यावर येण्याआधी पंचवीस-तीस मीटर खडीचा किंवा काँक्रीटचा तुकडा करून घ्यावा, ज्यावर चाकांची माती झडेल. खर्च फार नसतो, पाठपुरावा लागतो.

लेकीविषयी. तिला पहिल्या पावसाच्या दिवशी गाडी देऊ नका एवढे सांगून मी थांबणार नाही, कारण ती कधी ना कधी सरीत सापडणारच. जूनमध्ये दोन-चार दिवस चांगला पाऊस होऊन गेला की रविवारी सकाळी तिला त्याच रस्त्याने घेऊन जा, पुढे तुम्ही आणि मागे ती. वळणाच्या आधी कुठे वेग उतरवायचा ते प्रत्यक्ष दाखवा. तुम्ही पडलात ती जागाही दाखवा. त्याआधी शाळेच्या किंवा देवळाच्या मोकळ्या, ओल्या पटांगणावर ताशी दहाच्या वेगात तिला ब्रेक लावून पाहू द्या. चाक अडकले म्हणजे काय होते, हे हाताला एकदा कळले की नंतर समजावून सांगावे लागत नाही. पटांगण मातीचे असेल तर नको, तिथे निष्कारण पडेल.

राहिला टायर. नक्षी चांगली आहे असे तुम्ही लिहिता, पण नक्षी चांगली असणे आणि रबर चांगले असणे या दोन गोष्टी आहेत. टायरच्या बाजूवर, इतर अक्षरांच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१८’ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. रोजची स्कूटर तुम्ही उन्हात उभी करत असाल, तर पाच-सहा वर्षांत रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा दिसू लागतात, नख दाबले तर रुतत नाही, आणि कडक रबर ओल्या दगडाच्या बारीक खरखरीतपणात शिरू शकत नाही. खाचेच्या तळाशी एक लहानसा उंचवटा असतो, टायरची झीज त्याच्या बरोबरीला आली असेल तर वयाचा विचार करण्याचेही कारण नाही, बदलावाच. बदलायचा ठरला तर पाऊस सुरू होण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी बदला. नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत, तुकतुकीत थर असतो आणि तो जाईपर्यंत, म्हणजे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, नवा टायर जुन्यापेक्षाही अधिक घसरतो. तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यात तेवढे अंतर चार-पाच दिवसांत कोरड्या रस्त्यावर होऊन जाईल.